दुसरी गाडी

खालच्या गावाच्या नगराध्यक्षांना सगळे ताई म्हणत. त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि वयाने त्यांच्याहून मोठी असलेली माणसंही काउंटरवर वाकून "ताई, ही गोळी जेवणाआधी की नंतर?" असं विचारत. सख्ख्या ताई मात्र त्या एकाच माणसाच्या होत्या. हा माणूस नदीपलीकडच्या वरच्या गावाचा नगराध्यक्ष होता.

एकाच घरातली दोन मुलं दोन गावांच्या खुर्च्यांवर बसली, याची लोकांना मोठी गंमत वाटे. आई गेली तेव्हा धाकटा शाळेत होता. वडील दुकानात, ताई चुलीपाशी आणि धाकटा ताईच्या पदराला, असे ते दिवस. पुढे वडीलही गेले. दुकान ताईंच्या गळ्यात पडलं, भावाचं शिक्षणही पडलं, आणि या सगळ्यात स्वतःच्या लग्नाचं वय कधी मागे पडलं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. धाकट्याने वरच्या गावात सिमेंट-लोखंडाचं दुकान टाकलं, तिथलीच मुलगी केली, तिथलाच झाला. पण दर रविवारी जेवायला मात्र खाली, ताईकडे. "आठवड्यातून एकदा तरी पोटभर जेवू दे मला," असं तो बायकोसमोरच म्हणायचा, आणि बायकोही हसायची.

दोन्ही गावांच्या मधे एक नदी होती, तिच्यावर एक पूल होता, आणि पुलाच्या मधोमध दोन्ही नगरपालिकांची हद्द होती. ही हद्द एरवी कुणाच्या लक्षात येत नसे. बसमध्ये बसलं की पूल ओलांडून होई. पण आजारी माणसाला ती चांगलीच कळे.

ताईंना ती कळली एका रंगाऱ्यामुळे. खालच्या गावात एका घराला रंग देताना तो परांचीवरून, म्हणजे बांबूच्या मचाणावरून, खाली कोसळला. मोठा दवाखाना वरच्या गावात. खालच्या नगरपालिकेची रुग्णवाहिका होती, जुनी, खडखडणारी, पण होती. तिने रंगाऱ्याला उचललं आणि पुलाच्या मध्यापर्यंत आणून सोडलं. पुढे जायची तिला परवानगी नव्हती. हद्दीबाहेर काही झालं तर जबाबदार कोण, हा प्रश्न कागदावर सुटलेला नव्हता. वरच्या गावाची गाडी येईपर्यंत थांबायचं, मग स्ट्रेचर बदलायचं, असा रिवाज. वरच्या गावाकडे कोऱ्या करकरीत दोन गाड्या होत्या, पण त्या दिवशी त्यांचा ड्रायव्हर सुटीवर होता. दुसऱ्या ड्रायव्हरला घरून बोलवावं लागलं. रंगारी तापलेल्या डांबरावर स्ट्रेचरवर पडून होता, आणि ताई, ज्या घाईघाईने रिक्षा करून मागोमाग आल्या होत्या, हातातल्या पर्सची सावली त्याच्या तोंडावर धरून उभ्या होत्या. रंगारी वाचला. पण त्याचा पाय गेला.

संध्याकाळी त्यांनी धाकट्याला फोन लावला.

"तुमच्याकडे गाड्या आहेत, चालवायला माणसं नाहीत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे शिकवलेली माणसं आहेत, गाडी म्हणाल तर डबडं. हे दोन्ही एकत्र का नाही करायचं?"

"मी हेच म्हणणार होतो," धाकटा म्हणाला. "अगं ताई, आपल्या गाड्या आणि आपलीच माणसं. मधली रेघ काय तू-मी मारलीय?"

पुलाच्या वरच्या टोकाला एक बंद पडलेला टोलनाका होता. दोन खोल्या, एक शेड, समोर मोकळी जागा. तिथे दोन्ही गाड्या उभ्या करायच्या, तिथेच फोन ठेवायचा, खालच्या गावाचे ड्रायव्हर आणि परिचारक तिथेच पाळी करतील. एक गाडी बाहेर गेली की दुसरीने फोन आल्याशिवाय नाका सोडायचा नाही. जो आधी फोन करेल त्याच्याकडे ती जाईल, मग तो खालचा असो की वरचा. एवढी साधी गोष्ट. असं इतक्या वर्षांत कुणाला का सुचलं नाही, याचंच दोन्ही गावांना नवल वाटलं.

खालच्या नगरपालिकेच्या सभेत एकट्या वकिलांनी हरकत घेतली. ते विरोधी बाकावरचे, सडपातळ, तोंडात कायम लवंग. कुठलीही गोष्ट ते आधी उलटी करून बघत आणि मग सुलट करायला विसरत, असं लोक म्हणत.

"योजना चांगली आहे," ते म्हणाले. "पण देखरेख कोण करणार? दोन्हीकडची दोन-दोन माणसं घेऊन एक समिती नेमा. गाडी कुठे गेली, कुठे उभी होती, हे दर महिन्याला तिने बघावं."

"वकीलसाहेब," ताई म्हणाल्या, "समोर माझा भाऊ आहे. त्याच्यावर पहारा बसवू का?"

सभागृह हसलं. वकीलही ओठ दाबून हसले आणि लवंग चघळत खाली बसले. समितीचं कलम गळलं.

पहिलं वर्ष छान गेलं. वरच्या गावात एका शाळेत गॅसची नळी फुटली तेव्हा दोन्ही गाड्या धावल्या आणि एकही मूल दगावलं नाही. खालच्या गावातल्या एका बाईचं बाळंतपण पुलावरच गाडीत झालं. बाळ कुठल्या गावाचं म्हणायचं यावर दोन्हीकडच्या जन्मनोंदणीच्या कारकुनांमध्ये जुंपली, आणि तो किस्सा धाकट्याने रविवारी इतका रंगवून सांगितला की ताईंना हसून हसून ठसका लागला. आसपासच्या नगरपालिकांची माणसं टोलनाका बघायला येऊ लागली. ताई त्यांना सगळं दाखवत आणि शेवटी सांगत, "कुणी कुणावर उपकार केले नाहीत. त्यांना आमची गरज होती, आम्हाला त्यांची. शिवाय विश्वास होता."

दुसऱ्या वर्षी पुलावरून जाताना ताईंना नाक्यावर बहुतेक वेळा एकच गाडी दिसे. दुसरी फेरीवर असेल, असं त्या समजत. गाड्या रिकाम्या उभ्या नाहीत, कामाला लागल्या आहेत, याचं त्यांना उलट बरंच वाटे.

त्या सकाळी दुकान नुकतं उघडलं होतं. मामा स्टुलावर चढून वरच्या फळीवरून खोकल्याची बाटली काढत होते. मामा म्हणजे नात्याने कुणीच नव्हे. ताईंच्या वडिलांच्या काळापासून दुकानात होते, एवढंच नातं. पण त्यांनीच ताईंना गोळ्या मोजायला शिकवलं होतं, आणि धाकट्याला लहानपणी खांद्यावर घेऊन नदीवर न्यायचे तेही तेच. बाटली त्यांच्या हातातून सुटली. काच फुटल्याचा आवाज झाला म्हणून ताईंनी मान वर केली, तर मामा स्टुलावरून खाली उतरायचा प्रयत्न करत होते आणि त्यांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नव्हता.

"मामा, माझ्याकडे बघा. हसा बघू."

मामा हसले. तोंडाची एक बाजू हसली.

ताईंनी आयुष्यभर औषधं विकली होती. हे काय आहे आणि अशा वेळी घाई का करायची, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मामांना जमिनीवर आडवं करून त्यांनी नाक्यावर फोन लावला. फोनवर त्यांच्याच आळीतली मुलगी होती. तिला ती नोकरी ताईंनीच लावून दिली होती.

"गाडी पाठव दुकानात. मामांचं अंग लुळं पडतंय."

"ताई, गाडी आत्ताच सूतगिरणीकडे गेलीय. तिथे मशीनमध्ये हात..."

"मग दुसरी पाठव."

"ताई, ते..." म्हणून मुलगी अडखळली.

"ऐकतेस ना? दुसरी पाठव."

"ताई, दुसरी इथे नसते," मुलगी हळूच म्हणाली. "ती वरच्या नव्या वसाहतीत उभी असते. तिला वरची हद्द सोडायची नाही, असं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

"तुम्हाला माहीत आहे ना, ताई?" मुलगी रडकुंडीला आली होती. "साहेबांनी. तुमच्या भावांनी."

ताईंनी धाकट्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग त्यांनी फोन पिशवीत टाकला, रस्त्यावर धावल्या आणि पाववाल्याचा टेम्पो अडवला. पाववाल्याने एक शब्द न विचारता पावाचे ट्रे फुटपाथवर उतरवले. दोघांनी मिळून मामांना मागे निजवलं. टेम्पोत पिठाचा आणि गरम पावाचा वास भरून राहिला होता. मामांचं डोकं मांडीवर घेऊन ताई बसल्या. गावातल्या बाजारात एक ट्रक आडवा लागला होता, तो हलेपर्यंत पाववाला हॉर्नवर हात दाबून होता.

दवाखान्याचा रस्ता नव्या वसाहतीवरून जातो. वसाहतीच्या कमानीखाली, सावलीला, पांढरी गाडी उभी होती. धुऊन पुसून चकचकीत. आत ड्रायव्हरच्या जागेवर खालच्या गावाचाच ड्रायव्हर पाय वर घेऊन पेपर वाचत होता. कमानीवर फलक होता: 'वरच्या गावाची रुग्णवाहिका, सदैव तुमच्या दारात.' फलकावर धाकटा हसत होता. लहानपणीचं तेच हसू, डाव्या गालाला खळी पडणारं.

टेम्पो थांबवला नाही. तिथून दवाखाना हाकेवर होता.

मोठे डॉक्टर शांत माणूस होते. "उशीर झाला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. जीव राहील. उजवी बाजू कितपत परत येईल ते बघू. बोलण्यावर परिणाम झालाय."

दुपारी धाकटा आला, बायकोला घेऊन. जवळजवळ पळतच आला. मामांच्या खाटेपाशी गुडघ्यावर बसला, त्यांचे पाय धरले, आणि रडला. ताई बघत होत्या. रडणं खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं.

मग त्या त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या. भावजयही मागोमाग आली.

"दुसरी गाडी वसाहतीत कधीपासून उभी असते?"

"ताई, आत्ता ही वेळ आहे का..."

"कधीपासून?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायको फरशीकडे बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "उन्हाळ्यापासून."

म्हणजे हिलाही माहीत होतं. उन्हाळा होऊन पावसाळा गेला, थंडी आली. तेवढे सगळे रविवार ही दोघं ताईंच्या घरी जेवली होती. दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. जाताना डबा भरून नेला होता.

"तुला काय वाटतं, मला हौस होती?" धाकट्याचा आवाज एकदम चढला, मग दवाखाना आहे हे आठवून खाली आला. "वसाहतीतली माणसं रोज माझ्या दारात बसायची. आमच्या गाड्या पुलापाशी का उभ्या? खालच्यांना का नेतात? पुढे निवडणूक आहे. मी पडलो तर येणारा माणूस पहिल्याच दिवशी करार फाडणार, हे तो उघड बोलतोय. मी निदान एक गाडी तुमच्यासाठी राखली. अर्धी भाकरी राखली, असं समज."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू मान्य केलं असतंस?"

"नाही."

"म्हणून नाही सांगितलं." तो थकल्यासारखा भिंतीला टेकला. "आणि शेवटी ताई, गाड्या आमच्या आहेत."

ताईंना त्या सगळ्या बोलण्यात हा एकच शब्द लागला. करार ठरला तेव्हा तो फोनवर 'आपल्या गाड्या' म्हणाला होता. आपल्यामध्ये त्याही होत्या. आमच्यामध्ये त्या नव्हत्या. हा शब्द त्याने कधी बदलला असेल? जेवताना की हात धुताना? की पहिल्यापासून तो तोंडाने आपल्या म्हणत होता आणि मनात आमच्या?

"तू माझ्याच ताटात जेवून माझा केसाने गळा कापलास," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला औषध संपलंय म्हणून सांगावं तशा म्हणाल्या.

"ताई, असं काय बोलता," भावजय म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. तुला मी कधी परकी मानलं नाही. तेही चुकलंच."

संध्याकाळी तो ड्रायव्हर आला. गणवेशातच होता. दाराशी उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला.

"तू तरी सांगायचंस," ताई म्हणाल्या. "तू आपल्या गावचा. तुझ्या मुलीची औषधं माझ्या दुकानातून जातात."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला विचारूनच केलंय," तो म्हणाला. "तुमचेच भाऊ. आम्ही कोण बोलणार? नाक्यावर सगळे हेच धरून चाललो होतो." जरा थांबून त्याने सगळंच सांगून टाकलं. "गावातही तेच बोलतात, ताई. भावाची खुर्ची टिकावी म्हणून ताईंनी एक गाडी सोडली, असं."

ताई खाटेच्या कडेवर बसल्या. आपल्याला फसवलं, एवढंच त्यांना सकाळपासून कळलं होतं. आपणही फसवणाऱ्यांतल्याच आहोत असं गाव महिनोन् महिने समजून होतं, हे आत्ता कळलं. काउंटरवर येणारी माणसं, गोळी जेवणाआधी की नंतर विचारणारी, मनात हे ठेवून विचारत होती. आणि तरी ताई म्हणत होती.

पुढच्या दिवसांत त्या जिथे जात तिथे हेच. पोस्टमनला माहीत होतं. शेजारच्या शिंप्याला माहीत होतं. वकिलांना तर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

"मग सभेत का नाही काढलंत?" त्यांनी वकिलांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं.

वकिलांनी लवंग गालात सरकवली. "खरं सांगू? निवडणुकीच्या तोंडावर काढणार होतो. तुम्ही यात आहात असंच मला वाटत होतं. चांगलं हत्यार होतं, आधीच कशाला बोथट करायचं?" मग नजर दुसरीकडे वळवून ते म्हणाले, "मामांचं असं होईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला झोप लागत नाही, ताई."

"मला तरी कुठे लागते," ताई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्या दोघांनी एकमेकांकडे सरळ बघितलं.

मामांचं बोलणं हळूहळू परत येऊ लागलं. शब्द ओले आणि जड यायचे, एकात एक मिसळून. एका दुपारी ताई त्यांना चमच्याने पेज भरवत होत्या. मामांनी डाव्या हाताने चमचा अडवला.

"मला... ठाऊक होतं," ते म्हणाले.

"काय ठाऊक होतं?"

"गाडीचं. दुकानात... बोलायची माणसं."

ताईंनी वाटी खाली ठेवली.

"मग बोलला का नाहीत मला?"

मामांच्या डोळ्यांतून पाणी आलं. एका डोळ्यातून जास्त. "तुम्ही दोघं... भांडाल. मी दोघांना... खांद्यावर घेतलंय. मी कसा... काडी टाकू?"

ताई उठून खिडकीपाशी गेल्या. खाली आवारात कुणी नातेवाईक डबा घेऊन चालले होते. मामांवर रागवावं असं त्यांना फार वाटलं. इतर सगळ्यांवर त्या रागावल्या होत्या, एका मामांवर का नाही? पण मामांनी जे लपवलं, त्याची किंमत मामांनीच मोजली होती. त्यात ताईंनी आणखी काय भर घालायची. त्या परत येऊन बसल्या, मामांचं तोंड पुसलं आणि उरलेली पेज भरवली. तो दिवस मात्र त्यांना सगळ्यात जड गेला.

नगरपालिकेच्या पुढच्या सभेला गॅलरीतसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना एकच हवं होतं: करार मोडा. ड्रायव्हर परत बोलवा, आपलं डबडं परत रस्त्यावर काढा, वरच्यांची तोंडं बघायची नाहीत. एका सदस्याने तर पुलावर आडवे पडण्याची भाषा केली. सगळ्यांचं बोलून झालं तेव्हा ताई उठल्या.

"मी यात होते असं तुमच्यापैकी कितीतरी जणांना वाटतं," त्या म्हणाल्या. "मी नव्हते. पण मी डोळे मिटून होते, आणि वकीलसाहेबांनी उघडायला सांगितले तेव्हा मी हसले. तो दोष माझा. आता ऐका. करार मोडला तर उद्या काय होईल? आपली गाडी पुलाच्या मध्यावर थांबेल. त्यांच्याकडे गाड्या राहतील आणि चालवायला माणूस नसेल. आजारी माणूस मधे डांबरावर पडून राहील. मी ते बघितलंय. ज्याला बघायचं असेल त्याने रंगाऱ्याच्या घरी जाऊन बघावं. मला माझ्या भावाचं तोंड बघायची इच्छा नाही, पण गाडी मला हवी आहे. तुम्हालाही हवी आहे. आणि त्यांनाही आपली माणसं हवी आहेत, नाहीतर त्या दोन्ही गाड्या कमानीखाली गंजून जातील. करार याच्यावर उभा राहतो. मी तो नात्यावर उभा केला होता, म्हणून तो पडला."

मग त्यांनी सुचवलं की देखरेख समिती नेमावी आणि वकिलांनी तिचं प्रमुख व्हावं.

"मी?" वकील म्हणाले. "मी तुमच्या विरोधातला माणूस."

"तुम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही. असाच माणूस पाहिजे."

या वेळी कुणी हसलं नाही. ठराव झाला. काही जण ताईंकडे न बघताच हात वर करत होते, हे ताईंना दिसलं.

दोन्ही गावांची बैठक टोलनाक्याच्या मागच्या खोलीत भरली. भिंतीला गाडीच्या चाव्यांचे खिळे, कोपऱ्यात ऑक्सिजनच्या टाक्या, मधे एक डुगडुगणारं टेबल. धाकटा आपल्या दोन सदस्यांना घेऊन आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. ताई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या. बोलणं त्यांनी वकिलांवर सोपवलं होतं.

वकिलांनी आढेवेढे घेतले नाहीत. "गाडी आजच्या आज नाक्यावर परत. नाहीतर आमचे ड्रायव्हर उद्यापासून येणार नाहीत. समिती दर महिन्याला बसेल, अचानक येऊन बघेल. कुठल्याही एका गावाच्या अध्यक्षाला गाडीची जागा तोंडी बदलता येणार नाही."

"इतका अविश्वास?" धाकटा म्हणाला. "आपण काय शत्रू आहोत?"

"अविश्वास नाही," वकील म्हणाले. "व्यवस्था आहे."

धाकटा टेबलाच्या टोकाकडे वळला. "ताई, तू तरी सांग यांना. वसाहतीतली माणसं मला जगू देणार नाहीत."

ताईंनी समोरच्या कागदावरून मान वर केली नाही. "वरच्या गावाच्या नगराध्यक्षांनी समितीच्या प्रमुखांशी बोलावं," त्या म्हणाल्या.

धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी सापडली की व्हायचे तसे. त्याच्या सदस्यांनी आपसात कुजबुज केली. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने, जो शाळेचा माजी मुख्याध्यापक होता, सरळच सांगितलं, "साहेब, आपल्याकडे ड्रायव्हर नाहीत. वसाहतीला नुसती उभी गाडी दाखवून किती दिवस चालणार?" धाकट्याने सही केली. कमानीवरचा फलक त्याच आठवड्यात उतरला. निवडणुकीत तो थोडक्यात निवडून आला, म्हणजे जी भीती त्याने व्हरांड्यात सांगितली होती ती खरी ठरायची नव्हतीच, किंवा ठरता ठरता राहिली. ताईंनी पुन्हा उभं न राहायचं ठरवलं. निम्मं गाव अजूनही म्हणतं, ताईंना सगळं माहीत होतं. निम्म्या गावाला पटलंय की नव्हतं. ताई कुणालाच समजवायला जात नाहीत.

सेवा आता पहिल्यापेक्षा चांगली चालते. वकील कुठल्याही वेळी नाक्यावर उगवतात, टाक्या तपासतात, ड्रायव्हरांना वैताग आणतात. परवा वरच्या वसाहतीतल्याच एका म्हाताऱ्याला खालच्या गावातली फेरी संपवून निघालेल्या गाडीने वेळेत दवाखान्यात पोचवलं. हे वर्तमान दुकानात कुणीतरी सांगितलं तेव्हा ताईंना आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून थोडा रागही आला.

मामा आता काठी घेऊन दुकानात येतात. काम जमत नाही. काउंटरच्या आतल्या खुर्चीवर बसतात आणि गिऱ्हाइकांशी त्यांच्या त्या ओल्या, जड शब्दांत बोलतात. रविवारी ताईंच्या घरी कुणी जेवायला येत नाही. एका दुपारी धाकटा दुकानात आला. एकटाच. ताईंना त्याने काही विचारलं नाही. आत जाऊन मामांच्या खुर्चीशेजारी खोक्यावर बसला. मामांनी त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. दोघं बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. मधे एकदा मामा हसलेही, त्यांच्या अर्ध्या तोंडाने. ताई गिऱ्हाइकं बघत राहिल्या. एका बाईला डोळ्यांचे थेंब दिले, एकाला पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. कान मात्र आत होते.

धाकटा उठून काउंटरपाशी आला. गिऱ्हाइकांच्या मागे, इतरांसारखा, जरा वेळ उभा राहिला. त्याला बोलायचं होतं हे दिसत होतं. बरंच बोलायचं असावं, पण त्याच्या तोंडून एवढंच आलं.

"येतो, ताई."

"ये," ताई म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या सवयीने तो शब्द त्यांच्या तोंडून निसटला होता. धाकट्याचा चेहरा क्षणभर उजळला. तो उजळलेला बघून त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. त्यांनी पाठ वळवली आणि पुढच्या माणसाला, काय हवंय, असं विचारलं. तो रस्ता ओलांडून बसच्या थांब्याकडे गेला असावा. त्यांनी बघितलं नाही.